बी.एस्सी.चे पैसे फिटतात का?

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी घनसावंगी तालुक्यातला शेतकरी. साडेचार एकर जमीन आहे, तीन एकर सोयाबीन आणि दीड एकर कापूस. मोठी मुलगी यंदा बारावी सायन्स पास झाली, 71 टक्के पडले. नीटला 312 आले. लातूरचा एक क्लासवाला म्हणतो, अजून एक वर्ष द्या, रिपीटर बॅचची फी 95 हजार, राहणं-खाणं वेगळं. जालन्याच्या एका कॉलेजात झूलॉजी घेऊन बी.एस्सी.ला नंबर लागतोय, तिथली वर्षाची फी 8,400 रुपये. एका नव्या कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. त्यांच्याकडं बायोटेक्नॉलॉजी आहे, फी 34 हजार, म्हणतो पास झाली की कंपनीत नोकरी. मेहुणे म्हणतात, बी.एस्सी. झालेल्या पोरी घरीच बसल्यात, त्या पैशात लग्न उरकून टाक. धा जण धा सांगतात, काय करावं सुधरत नाही.

गेल्या हंगामात सोयाबीन 4,150 नं गेलं. खाली मुलगा आहे, नववीत, त्याचंही पाहावं लागंल. तीन वर्षांचे एकूण किती लागतील आणि लेकरू पुढं किती कमवील, एवढं खरं खरं सांगा. मुलीनं सोबत एक कागद जोडलाय. तिला काय लिहायचं ते तिनं लिहिलं, मी वाचला नाही.

– एक वडील, जिल्हा जालना

उत्तर

भाऊ, तुम्ही हिशेब मागितलात, तर आधी हिशेबच मांडते.

8,400 ही फी झाली, खर्च नव्हे. प्रवेशाच्या वेळी घरचे लोक फीची पावती बघतात आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पैसा संपतो, हे मी तेवीस वर्षं वर्गात बघितलं. तुमच्या गावाहून जालन्याला रोज ये-जा होणार नाही, कारण सायन्सला दुपारची प्रॅक्टिकल असतात आणि ती सुटेपर्यंत पाच वाजतात. म्हणजे खोली आली. खोलीत एका कॉटचे महिन्याला 1,800 आणि मेसचे 2,600 धरा. मी जालन्यातल्या दोघी मुलींना फोन करून विचारलं, त्यांचे हेच आकडे आहेत. दहा महिन्यांचे कॉटचे 18 हजार, मेसचे 26 हजार. जर्नल, अ‍ॅप्रन, परीक्षा फॉर्म, झेरॉक्स, गावी येणं-जाणं, आजारपण मिळून 9 हजार. फी 8,400. बेरीज 61,400. तीन वर्षांचे 1 लाख 84 हजार 200.

4,150 च्या भावानं हे वर्षाला जवळजवळ पंधरा क्विंटल सोयाबीन झालं. बऱ्या वर्षी तुमच्या तीन एकरांत अठरा-वीस क्विंटल होत असेल, त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी जाते. सरकारनं त्या, म्हणजे 2024-25 च्या, हंगामाला 4,892 हमीभाव जाहीर केला होता, तो तुमच्या हाती पडलेला दिसत नाही. एकट्या सोयाबीनवर हे शिक्षण निघणार नाही, कापसातले पैसे यात घालावे लागतील. हे आधीच कळलेलं बरं.

आता यातून कमी काय होईल ते बघू. तुमचा प्रवर्ग पत्रात नाही. अनुसूचित जातीतले असाल तर समाजकल्याणचं मुलींचं वसतिगृह, आणि तिथं जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. ओबीसी असाल तर सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या गटात असाल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, वसतिगृह आणि स्वाधार-आधारची चौकशी समाजकल्याण व बहुजन कल्याणच्या जिल्हा कार्यालयात करायची. कोणत्या योजनेत तुम्ही बसता ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कला समोर बसून विचारा, तो रोज हेच काम करतो. उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलला टाका आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडून घ्या. शिष्यवृत्ती मागून येते, म्हणून पहिल्या वर्षाचे पैसे हातात ठेवूनच चला. कॉलेजात ‘कमवा व शिका’ चालू आहे का तेही विचारा. दिवसाला दोन-तीन तासांचं काम असतं आणि त्यात मेस निघालेल्या मुली मी बघितल्या आहेत.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ‘मुलींना आता सगळं मोफत’ असं गावात बोलतात. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना जी शंभर टक्के फी माफी मिळते ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी त्यात येतात. साधी बी.एस्सी. येत नाही. कृषीचा मुद्दा लक्षात ठेवा, मुलीच्या कागदाकडं वळल्यावर तो पुन्हा काढणार आहे.

लातूरच्या क्लासबद्दल. 95 हजार फी आणि अकरा महिन्यांचं राहणं-खाणं 48 हजार धरलं तर एका वर्षाचे 1 लाख 43 हजार. तेवढ्यात जालन्यात सव्वादोन वर्षांहून जास्त शिकणं होतं. 720 पैकी 312 म्हणजे सरकारी एमबीबीएसच्या जागेपासून बरंच अंतर आहे. रिपीट करून दीड-दोनशे गुण वाढवलेली मुलं मी बघितली आहेत, नाही असं नाही. पण त्यांना पहिल्या प्रयत्नात काय चुकलं ते नेमकं माहीत होतं आणि त्यांची स्वतःची जिद्द होती. तुमच्या पत्रात क्लासवाल्याचा आग्रह आहे, मुलीचा आग्रह कुठंच दिसत नाही. एवढ्यावर मी दीड लाख घालणार नाही.

नव्या कॉलेजचा जो माणूस आला होता त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण असे लोक जून-जुलैत प्रत्येक गावात फिरतात. बायोटेक्नॉलॉजी वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उलट एका बाबतीत ती सरस आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागेसाठी ज्या पदव्या चालतात त्यात बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री आहेत, झूलॉजी-बॉटनी नाहीत. पण तीन वर्षांची फी 1 लाख 2 हजार होते आणि जालन्याच्या अनुदानित कॉलेजची 25,200. मधला फरक 76,800 रुपयांचा. हे 76,800 पुढच्या शिक्षणाला लागणार आहेत, ते पहिल्याच पायरीवर घालवू नका. तरीही बघायचंच असेल तर मुलीला घेऊन स्वतः जा आणि प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. ऑटोक्लेव्ह गरम होतो का, लॅमिनारमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या काचपेटीत, काम चालू आहे का, काचेच्या भांड्यांवर धूळ आहे का, हे बघायला कुठली पदवी लागत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे घरच्या कुकरसारखं भांडं, वाफेवर सामान निर्जंतुक करतं. जिथं रोज काम होतं तिथं त्याचं रबर झिजलेलं असतं. मग मागच्या वर्षी कंपनीत लागलेल्या दोन मुलींशी फोनवर बोलणं करून द्या म्हणा. तिथं तो माणूस टाळाटाळ करू लागला तर उठून या.

आता कमाई. इथं मी सरासरी सांगत बसत नाही, माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींचंच सांगते. नावं देत नाही.

एक जालन्यातच बियाणांच्या कंपनीत आहे. जालना बियाणांचं गाव कसं झालं ते तुम्हाला ठाऊकच असेल. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको इथंच उभी केली, पुढं 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या वाटेनं इथं कंपन्यांची रांग लागली. ही मुलगी उगवणक्षमता तपासते. तुम्ही मे महिन्यात घरचं सोयाबीन ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून बघता ना, तेच काम. फक्त इथं चारशे दाणे, शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या, ओल्या जाड कागदात मांडून ठरलेल्या तापमानाला ठेवायच्या. सोयाबीन पाचव्या आणि आठव्या दिवशी मोजायचं, कापूस चौथ्या आणि बाराव्या. मोजायचं म्हणजे नुसतं उगवलं-नाही उगवलं असं नाही. मूळ सरळ आहे का, खोड चिरलंय का, दलं कुजलीत का, हे बघून ‘सामान्य’ आणि ‘विकृत’ रोपं वेगळी करायची. कडक राहिलेला दाणा वेगळा, मेलेला वेगळा. मी एकदा तिच्या शेजारी तासभर उभी होते. चिमट्यानं रोप उचलून उजेडाकडं धरायची, क्षणभर बघायची आणि ठेवायची. सोयाबीनची सामान्य रोपं शंभरात सत्तरच्या खाली गेली की तो लॉट बियाणं म्हणून विकता येत नाही. लाखोंच्या मालाचा निर्णय तिच्या चिमट्यावर होतो. पगार सुरुवातीला ठेकेदारामार्फत 12,500, आणि हंगाम संपला की दोन महिने घरी. तिसऱ्या वर्षी कंपनीच्या हजेरीवर घेतलं, आता 17 हजार.

भाऊ, याच जागी एक कटू गोष्ट सांगायची आहे. त्याच कंपनीत पॅकिंगला बारावी पास मुली आहेत, त्यांना 9-10 हजार पडतात. म्हणजे तीन वर्षं आणि पावणेदोन लाखांहून जास्त घालून पहिल्या पगारात फरक पडला तो तीन हजारांचा. पैसे फिटतात का, तर फिटतात. साडेबारा हजारांतून खोली-मेसचे 4,400 वजा केले तर महिना आठ हजार राहतात, हंगामानंतरचे दोन महिने सोडले तरी तिसऱ्या वर्षी 1 लाख 84 हजार भरून निघतात. पण नुसत्या बी.एस्सी.वर थांबलेल्या माझ्या बहुतेक मुली पुढं चार-पाच वर्षं तिथंच घोटाळल्या. तुमचे मेहुणे ज्या घरी बसलेल्या पोरी सांगतात त्या यातल्याच. त्यांची हुशारी कमी नव्हती. त्यांच्या घरच्यांनी तीन वर्षांचाच हिशेब केला होता, चौथ्या वर्षाला पैसे उरले नव्हते.

म्हणून हिशेब पाच वर्षांचा करा. आणि पहिली तीन वर्षं शक्य तेवढ्या स्वस्तात काढा, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांना हातात पैसा राहील.

दुसरी मुलगी बी.एस्सी.नंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. तिला 11 हजार मिळतात, रविवारीही जावं लागतं. वाळूजला औषध कंपनीत लागलेली एक आहे, तिला पहिल्याच वर्षी 16 हजार होते, पण ती मायक्रोबायोलॉजीची आणि खोलीभाडं जालन्याच्या दुप्पट.

तिसरीनं बी.एड. केलं. शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून माध्यमिक शाळेत लागली. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना 18 हजार, 2023 च्या आधी हेच मानधन 8 हजार होतं. तीन वर्षांनी मूळ वेतन 38,600 आणि वर महागाई भत्ता. विज्ञानाच्या मुलीला आपल्याकडं मिळू शकणारी ही सगळ्यात भक्कम नोकरी. पण तिच्याच बॅचच्या दोघी सहा वर्षांपासून भरतीची वाट बघत इंग्रजी शाळेत 9 हजारांवर शिकवतात. तिघींपैकी एक लागली, हे प्रमाण डोळ्यांपुढं ठेवा.

चौथीचं सांगताना मला फार बरं वाटतं. ती नोकरीच्या मागं लागली नाही. लग्न होऊन अंबडकडच्या गावात गेली, सासरी तुतीची लागवड होती. झूलॉजीत रेशीमकिडा शिकली होती, तिनं चॉकी सेंटर टाकलं. अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी असते. पहिल्या दोन काती होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तिला फार जपावं लागतं. पाला कोवळा आणि बारीक चिरलेला, खोलीत 27-28 अंश, दमटपणा भरपूर, आत जाताना पाय चुन्या-ब्लीचिंगच्या ट्रेमधून. त्यात चूक झाली तर पुढं शेतकऱ्याचा अख्खा लॉट जातो. म्हणून शेतकरी आता अळ्या लहानपणी अशा सेंटरवरूनच घेतात आणि पुढचे दिवस आपल्या शेडमध्ये काढतात. जालन्याच्या बाजार समितीत कोषाची खरेदी सुरू झाल्यापासून तिच्याकडं मागणी वाढली. पेब्रिन नावाचा रोग असतो, आईपतंगाच्या पोटातून अंड्यात उतरतो. लुई पाश्चरनं 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पतंग तपासून तो टाळायची रीत घालून दिली. आम्ही हे वर्गात शिकवायचो तेव्हा पोरी पेंगायच्या. ही आता स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेऊन बसली आहे. खर्च जाऊन वर्षाकाठी अडीच-तीन लाख उरतात म्हणते. पण तिच्या सासरी विहिरीला पाणी होतं आणि नवऱ्यानं शेड बांधून दिली, तेही सांगायला हवं. 

प्राध्यापकाच्या पगाराचा आकडा कुणीतरी तुमच्या कानावर घालील. तो तुमच्या हिशेबात धरू नका. मी स्वतः 1987 साली त्या वेळच्या मराठवाडा विद्यापीठातून एम.एस्सी. झूलॉजी झाले, पहिला वर्ग. एका संस्थेत मुलाखत चांगली झाली, आणि मग जागेसाठी जी रक्कम सांगितली ती माझ्या वडिलांच्या चार वर्षांच्या पगाराएवढी होती. वडील जिनिंगच्या काट्यावर होते. ते रात्रभर झोपले नाहीत. सकाळी म्हणाले, घर विकू. मी नाही म्हटलं आणि पुढं नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीचा पगार नाही, उन्हाळ्याचा नाही, आणि जो आहे तो कधी कधी मार्चमध्ये एकदम. 1996 मध्ये दुसऱ्या एका संस्थेनं एक पैसा न घेता मला कायम केलं. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण नऊ वर्षं गेली ती गेलीच. आजही तासिका तत्त्वावर शिकवणारी, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली मुलं मला भेटतात, तेव्हा मला त्यांच्याकडं बघवत नाही. तुमच्या मुलीनं संशोधनात जावं, जरूर जावं, पण ‘मोठ्या पगाराची प्राध्यापकी’ मिळेल या हिशेबावर शेताचे पैसे लावू नयेत.

संशोधनाची वाट वेगळी आहे आणि तिथं खिशातून पैसे जात नाहीत. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेची नेट परीक्षा जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह, निघाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिना 37 हजार आणि वर घरभाडं मिळतं, पुढं 42 हजार. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत. परीक्षा अवघड आहे. पण ती जिल्ह्याच्या कॉलेजातून शिकलेली मुलं काढतात, मी दोन बघितली. दोघांनीही दुसऱ्या वर्षापासून केमिस्ट्री सोडली नव्हती, म्हणून सांगते की नव्या शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडविषय, निवडायला लावतात तेव्हा झूलॉजीला केमिस्ट्रीची जोड ठेवा. सोपा विषय म्हणून दुसरं काही घेऊ देऊ नका. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते आणि एम.एस्सी. एका वर्षाची होते. कसंही मोजा, पाच वर्षंच होतात. वनविभागाकडं ओढ असेल तर एमपीएससीच्या वनसेवेला झूलॉजीची पदवी चालते.

माझं मत विचाराल तर: अनुदानित कॉलेज, झूलॉजी-केमिस्ट्री. पहिलं वर्ष झालं की मुलीबरोबर बसा आणि बी.एड., एम.एस्सी. की स्वतःचं काही, हे ठरवा. तोवर सावकाराकडून एक रुपया उचलू नका. कर्ज काढायचंच झालं तर शेवटच्या दोन वर्षांसाठी बँकेचं काढा, तेही सीट हातात आल्यावर.

आणि लग्नाचं. मेहुण्यांचा जीव तुटतो म्हणून ते बोलतात, मला कळतं. पण तुम्ही मला खर्च आणि कमाई विचारलीत, त्याच मापानं सांगते. लग्नाला जे तीन-चार लाख जातील ते दोन दिवसांत जातील. आपल्याकडं एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीही चांगली स्थळं येतात, तुमची मुलगी आत्ता अठराची आहे. लहान भावाचं म्हणाल तर तो बारावीला पोचेपर्यंत हिची पदवी झालेली असेल, दोघांचा मोठा खर्च फार तर हिच्या शेवटच्या वर्षी एकत्र येईल. मुलाच्या वेळी तुम्ही हा प्रश्न कुणाला पत्र लिहून विचारला असता का, ते तुमचं तुम्ही बघा. मला वाटतं तुम्ही तिच्या बाजूनं आहात, नाहीतर तिचा कागद न वाचता पाकिटात घातला नसता.

तो कागद आता वाचा. तिची हरकत नाही असं तिनं लिहिलं आहे.

त्याच पाकिटातला कागद

मॅडम, माझं नाव छापू नका. बाबांनी वाचलं तरी चालेल. मला डॉक्टर व्हायचं होतं पण आता तेवढं वाटत नाही. मागच्या वर्षी कृषी सहायकांनी बाबांना कामगंध सापळे दिले होते. मी कापसातल्या दोन सापळ्यांतले गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज सकाळी मोजून वहीत लिहिले, 12 ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत. 19, 20, 21 सप्टेंबरला एकाच सापळ्यात 9, 11, 14 आले. पत्रकात आठच्या वर तीन दिवस असं लिहिलं होतं म्हणून मी बाबांना सांगितलं आणि त्यांनी फवारलं. झूलॉजीत हे शिकवतात का? आणि मला बेडूक कापायची भीती वाटते.

उत्तर

पोरी, आधी बेडकाचं. तो कापावा लागणार नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2014 साली झूलॉजीतली प्राण्यांची चिरफाड बंद करायला सांगितली. आमच्या वेळी दर आठवड्याला ट्रेमध्ये बेडूक असायचा. तुझ्या वेळी तक्ते, प्रतिकृती आणि संगणक आहेत.

तुझे ते तीन आकडे मी चारदा वाचले. 2017 साली याच अळीनं मराठवाड्यातला कापूस खाल्ला तेव्हा शेतकऱ्यांनी बोंड फुटल्यावर अळी बघितली, आणि तोवर ती सरकीत शिरलेली होती. पतंग मोजणारं कुणी नव्हतं. तू मोजलेस, सलग मोजलेस आणि वेळेवर सांगितलंस. अठराव्या वर्षी मला हे येत नव्हतं.

झूलॉजीत कीटकशास्त्र आहे, पण पदवीला थोडं. एम.एस्सी.ला एन्टोमॉलॉजी घेता येतं, तिथं खरं सुरू होतं. तुला ज्याची ओढ आहे ते आणखी थेट शिकवतात कृषी पदवीत, आणि आपल्या मराठवाड्याचं कृषी विद्यापीठ परभणीला आहे, 1972 पासून. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, व्यावसायिक असल्यामुळं वर सांगितलेली मुलींची फी माफी तिथं लागू होऊ शकते. त्यासाठी साधारणपणे एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिलेली असावी लागते. तू दिली होतीस का? पत्रात दोघांनीही लिहिलं नाही. दिली असशील तर बी.एस्सी.चा प्रवेश घेऊन ठेव आणि कृषीच्या फेऱ्या लागतील तशा भर, सरकारी कॉलेजला लागलं तर मी वडिलांना वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून तिकडं जा म्हणेन. खासगी कृषी कॉलेजची फी मात्र माफीत किती बसते ते बघूनच होय म्हण. दिली नसशील तर एका वर्षासाठी थांबू नकोस. झूलॉजी घे. कीटकांकडं जायची ती जरा लांबची वाट आहे, पण पोचते.

वहीबद्दल एक काम देते. यंदा कापूस पेरल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी सापळे लाव, एकराला दोन. पतंगांच्या आकड्याशेजारी आणखी तीन रकाने आख. पहिल्यात त्या दिवशी दिसलेल्या डोमकळ्या, म्हणजे न उमलता गुलाबासारख्या मिटून राहिलेल्या फुलांची संख्या. दुसऱ्यात आठवड्यातून एकदा वीस हिरवी बोंडं फोडून त्यात सापडलेल्या जिवंत अळ्या. वीसात दोन सापडल्या तरी फवारणीची वेळ आली असं धर. तिसऱ्यात पाऊस झाला की नाही. तू जालन्याला गेलीस तर भावाला शिकवून जा, नववीतल्या मुलाला हे जमतं.

मागच्या वर्षीच्या पानांची झेरॉक्स मला मासिकाच्या पत्त्यावर पाठव. ऑक्टोबरमधले आकडे मला बघायचे आहेत. सापळ्यातलं ल्यूर, म्हणजे पतंगांना ओढणारी गंधाची गोळी, कोणत्या तारखेला बदललं होतं ते त्यावर लिही, नाहीतर पतंग कमी झाले की ल्यूर जुनं झालं हे कळणार नाही.